केसाएवढ्या पाटातले पाणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एक व्याख्यान विज्ञानावर असावे असे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले, आणि ते आम्ही द्यावे असेही त्याच बैठकीत ठरले. त्या बैठकीस आम्ही गैरहजर होतो, हे निराळे सांगावयास नको. आम्ही इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो आणि तेव्हापासून केंद्र सरकारच्या फायलींत बुडालो, ते आजतागायत वर आलेलो नाही. विज्ञानावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय असणार? तथापि विषय निवडताना आम्हांस फार वेळ लागला नाही. जानेवारी २०२२ मध्ये प्लॅस्टिकच्या एका बोटभर पट्टीवरून आमच्या घरात मोठा घोटाळा झाला, आणि तो का झाला हे समजून घेण्यासाठी आम्ही पुस्तके उघडली. वाचता वाचता असे ध्यानात आले की ती पट्टी म्हणजे एक वाहते शास्त्र आहे. त्या शास्त्राविषयी, जेवढे एका कारकुनी डोक्यास उमगले तेवढे, आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

विषय असा आहे. रक्त, लघवी, लाळ यांची तपासणी करण्यासाठी एक मोठी खोली, चार यंत्रे आणि पाचसहा जाणती माणसे लागतात. ही सारी प्रयोगशाळा नखाएवढ्या किंवा फार तर पत्त्याएवढ्या चकतीवर मावेल काय? इंग्रजीत हिला 'लॅब ऑन अ चिप' म्हणतात. १९९० साली आंद्रेआस मान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना शास्त्रीय निबंधातून मांडली आणि तेव्हापासून तिला बहर आला. पण चकती कोरणे हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग पुढेच आहे. केसाएवढ्या वाटांतून पातळ पदार्थ न्यावयाचा, मध्येच थांबवायचा, दुसऱ्यात मिसळायचा आणि बरोबर वेळेस पुढे सोडायचा, हे करावे कोणी आणि कसे?

आमचे बालपण सातारा जिल्ह्यात गेले. तेथे उसाला पाणी देणाऱ्या माणसाच्या कामाला 'दारे धरणे' म्हणतात. येथे जन्मलेल्या मुलांसाठी सांगतो: पाटातून पाणी येते, आणि ज्या वाफ्याला ते हवे त्याच्या तोंडाची माती खोऱ्याने फोडायची. वाफा भरला की ती पुन्हा लिंपायची आणि पुढच्याचे तोंड फोडायचे. हेच दार. रात्री कंदील घेऊन आमचे काका दारे धरीत, आणि एखादा क्षण डुलकी लागली तर पाणी भलत्याच वाफ्यात जाई. आता कल्पना करा की पाट केसाएवढा आहे आणि वाफा मोहरीएवढा. तेथे खोरे कोणते चालवणार?

प्रथम त्या पाटाचे माप पाहू. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० ते १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याहून थोडी कमी. एवढ्याच रुंदीची, एवढ्याच खोलीची आणि एक सेंटिमीटर लांबीची पन्हळ कोरली तर तिच्यात मावणारे पाणी मिलिलिटरचा दहा हजारावा हिस्सा भरते. म्हणजे चहाच्या लहान चमच्याने तसल्या पन्नास हजार पन्हळी भरतील. एवढ्याशा जागेत पाणी निराळेच वागू लागते, आणि आम्हांस सर्वांत नवल वाटले ते याचेच.

१८८३ साली मँचेस्टर येथे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीत वाहत्या पाण्याच्या मध्यभागी रंगाची एक बारीक धार सोडली. वेग कमी होता तोवर ती धार दोऱ्यासारखी सरळ राहिली. वेग वाढवत नेल्यावर एका क्षणी ती विसकटली आणि सारे पाणी रंगले. पहिल्यास स्तरीय प्रवाह म्हणतात आणि दुसऱ्यास संक्षुब्ध. केव्हा काय होईल ते वेग, रुंदी आणि पातळ पदार्थाचा दाटपणा यांच्या हिशेबावरून ठरते, आणि त्या हिशेबातून येणाऱ्या आकड्यास रेनॉल्ड्स अंक असे नाव आहे. नळीत हा अंक साधारण दोन हजारांच्या वर गेला म्हणजे खळबळ सुरू होण्याचा संभव असतो. आमच्या केसाएवढ्या पन्हळीत पाणी सेकंदास एक मिलिमीटर चालत असेल तर हा अंक भरतो ०.१. दोन हजार कुठे आणि एकदशांश कुठे! म्हणजे त्या पन्हळीत भोवरा नाही, उसळी नाही, खळबळ नाही. कृष्णेच्या पुरात जे पाणी कोणाचे ऐकत नाही, तेच येथे शहाण्या मुलासारखे रांगेत चालते.

या शहाणपणाची अडचणही आहे. दोन प्रवाह शेजारी शेजारी सोडले तर ते एकमेकांत मिसळत नाहीत, एका रुळावरून दोन गाड्या जाव्यात तसे समांतर निघून जातात. ढवळण्यासाठी खळबळ लागते, आणि ती येथे नाहीच. मग मिसळण्याचे एकच साधन उरते, ते म्हणजे कणांचे आपोआप पसरणे, ज्याला विसरण म्हणतात. साखरेसारख्या लहान रेणूस केसाएवढे अंतर पसरत जाण्यास काही सेकंद पुरतात. तेच एक सेंटिमीटर जाण्यास अर्ध्या दिवसाहून अधिक काळ लागतो, कारण अंतर दसपट झाले की वेळ शंभरपट होतो. आपण चहात साखर घालून चमचा फिरवतो तो याचसाठी. चकतीवर चमचा नाही, म्हणून तेथे वाट नागमोडी करतात किंवा तळाशी तिरप्या खाचा पाडतात, म्हणजे प्रवाह आपल्याआपण दुमडत जातो आणि कणांस चालावे लागणारे अंतर कमी होते.

दुसरी अडचण रेट्याची. १८४० च्या सुमारास पॅरिसचे एक वैद्य, प्वाझय, यांनी रक्त बारीक वाहिन्यांतून कसे वाहते या कुतूहलापोटी काचेच्या सूक्ष्म नळ्यांवर प्रयोग केले. जर्मनीतील हागेन या अभियंत्यासही जवळपास त्याच वेळी तेच उत्तर सापडले. नळीचा व्यास निम्मा केला तर तितक्याच दाबाने त्यातून जाणारे पाणी निम्मे किंवा पाव होत नाही, ते एकसोळांश होते. चकतीचा आराखडा करणाऱ्यास हा नियम जाचकही आणि उपयोगीही. जाचक अशासाठी की पाणी ढकलण्यास दाब फार लागतो. उपयोगी अशासाठी की पन्हळ किंचित अरुंद केली की प्रवाह पुष्कळ मंदावतो. दार न लावताही दार अर्धे लोटून ठेवल्यासारखे होते.

आता खऱ्या दारांकडे वळू. २००० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या तंत्रविज्ञान संस्थेत स्टीफन क्वेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मऊ सिलिकोन रबराच्या चकत्या एकावर एक बसवल्या. खालच्या थरातील पन्हळीतून पातळ पदार्थ जातो, वरच्या थरातील पन्हळ तिला आडवी ओलांडते आणि तिच्यात हवा भरलेली असते. हवेचा दाब वाढवला की दोन्हींमधला रबराचा पातळ पडदा खाली फुगतो आणि खालची वाट बंद होते. दाब काढला की वाट मोकळी. अशी तीन दारे ओळीने बसवून क्रमाक्रमाने दाबली की पाणी पुढे सरकते, आपल्या आतड्यात घास सरकतो तसे. हे दार, हाच पंप! पुढे २००२ मध्ये त्यांनी एका चकतीवर हजारो दारे बसवली. त्यातली एक हिकमत आमच्यासारख्या फायलीवाल्यास फार आवडली: १०२४ पन्हळींपैकी हवी ती एकच उघडण्यासाठी १०२४ नियंत्रक नळ्या लागत नाहीत, योग्य जोडणी केली तर २० पुरतात. मंत्रालयातील एखाद्या विभागास ही युक्ती शिकवता आली असती तर किती बरे झाले असते, असा विचार मनात आला. तो येथेच सोडून देतो.

तर मग प्रश्न सुटला काय? प्रयोगशाळेपुरता सुटला. पण चकती नखाएवढी असली तरी तिला हवा पुरवणारी दाबाची टाकी, ती हवा सोडणाऱ्या झडपा, झडपा चालवणारा संगणक आणि संगणकासमोर बसलेला माणूस, हे सारे मिळून टेबल भरते. या विद्येतील लोक स्वतःच थट्टेने म्हणतात की आम्ही चकतीवर प्रयोगशाळा करावयास निघालो आणि प्रयोगशाळेत चकती करून बसलो. रात्री कंदील घेऊन जागणारे काका गेले, पण त्यांच्या जागी वीज लागली. जेथे वीज नाही, टाकी नाही, तंत्रज्ञ नाही, तेथे काय?

येथे निसर्गाची एक जुनी देणगी कामास येते. समईची वात तेल वर ओढते, ते कोणी पंपाने चढवीत नाही. पंचाचे टोक बादलीत पडले तर घटकाभरात हातभर पंचा ओला होतो. आम्ही ज्या फौंटन पेनने हिरव्या शाईत सह्या करीत आलो, त्याच्या निबेची चीर हाच एक सूक्ष्म पाट आहे: कागदाला टेकले की शाई उतरते, उचलले की थांबते. या ओढीला केशाकर्षण म्हणतात. द्रवाचा पृष्ठताण आणि भिंतीला चिकटण्याची त्याची वृत्ती या दोहोंतून ती निर्माण होते. एक मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी सुमारे तीन सेंटिमीटर चढते आणि दशांश मिलिमीटरच्या नळीत सुमारे तीस. वाट जितकी अरुंद, तितकी ओढ अधिक. म्हणजे प्वाझयच्या नियमाने जी अरुंदी आड येते, तीच येथे स्वतः पाणी ओढून घेते.

ओढ मिळाली, पण दारांचे काय? पाणी काठोकाठ भरलेल्या पेल्याकडे पाहा. कडेच्या वर ते फुगून राहते, पण सांडत नाही, कारण कडेपाशी त्याचा पृष्ठभाग अडून बसतो. चकतीवरची अरुंद पन्हळ एकदम रुंद केली तर तेथेही असेच होते: केशाकर्षणाने धावत आलेला द्रव त्या उंबरठ्याशी थबकतो. समोरच्या बाजूने दुसरा द्रव येऊन त्याला भेटला की अडवणारा पृष्ठभागच नाहीसा होतो आणि दोघे मिळून पुढे जातात. दार बंद ठेवण्यास हात नको, उघडण्यासही नको. वाटेचा आकार हेच दार आणि तोच दारवान. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये अशी चकती प्रसिद्ध केली की तिच्यात एक कप्पा रिकामा झाला की त्यायोगे पुढच्याचे दार उघडते, तो रिकामा झाला की त्याच्या पुढच्याचे, जशी उभी केलेली पत्त्यांची पाने एकामागून एक पडावीत. चालक, वीज, संगणक यांपैकी काहीही न लागता सारा क्रम पार पडतो, कारण तो क्रम कोरताना वाटेतच लिहून ठेवलेला असतो.

आणि चकती काचेची वा प्लॅस्टिकचीच हवी असेही नाही. २००७ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने साध्या गाळणकागदावर पाणी न शोषणाऱ्या पदार्थाच्या रेघा उमटवून वाटा आखल्या आणि लघवीतील साखर व प्रथिन त्यावर ओळखून दाखवले. पुढे मेण छापूनही अशा वाटा करता येऊ लागल्या. आपल्या देशात खरगपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत सुमन चक्रवर्ती यांनी सूक्ष्म प्रवाहांचे हे शास्त्र स्वस्त तपासण्यांच्या कामी लावण्याचा उद्योग दीर्घकाळ चालविला आहे.

आता त्या पट्टीकडे येतो. करोनाची असो, हिवतापाची असो वा गर्भधारणेची, तिची रचना एकच. एका टोकास थेंब घेणारी गादी असते. तिच्यापुढील भागात सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेले असतात, त्यांना चिकटवलेली प्रतिपिंडे रोगाचा अंश ओळखून धरतात. सोने एवढे बारीक झाले की पिवळे दिसत नाही, तांबडे दिसते. त्यापुढे नायट्रोसेल्युलोजची पांढरी पट्टी, तिच्यावर दोन अदृश्य रेघा, आणि शेवटी पाणी पिऊन घेणारी जाड गादी. रोगाचा अंश असेल तर सोन्याचे कण पहिल्या रेघेवर अडकून ती तांबडी होते. दुसरी रेघ रोगाविषयी काहीच सांगत नाही. पाणी येथवर पोचले आणि कण त्याबरोबर आले, एवढीच ती साक्ष देते. ती उमटली नाही तर साऱ्या चाचणीस अर्थ नाही, पहिली रेघ काहीही म्हणो.

या पट्टीचे घड्याळ तिच्या आतच आहे, आणि ते फार विचित्र चालते. १९२१ मध्ये एडवर्ड वॉशबर्न यांनी असे दाखवले की केशाकर्षणाने पुढे जाणारा द्रव जसजसा पुढे जातो तसतसा थकतो, कारण मागे ओढावी लागणारी धार लांबत जाते. दुप्पट अंतरास चौपट वेळ लागतो. म्हणून ती रेघ थेंबापासून किती दूर आखायची, पांढऱ्या पट्टीची छिद्रे केवढी ठेवायची, यावर सारे अवलंबून असते. प्रवाह फार वेगाने गेला तर प्रतिपिंडांना रोगाचा अंश पकडण्यास सवड मिळत नाही, फार सावकाश गेला तर तासभर वाट पाहावी लागते. पंधरा मिनिटे हा आकडा पाकिटावर कोणी सहज छापलेला नाही. तो त्या प्रवाहाचा आकडा आहे.

आणि तोच आम्ही पाळला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने घरच्या घरी करावयाच्या करोना चाचणीस मे २०२१ मध्ये प्रथम मान्यता दिली, आणि तो पहिला संच पुण्याच्या कंपनीचा होता, याचा त्या वेळी आम्हांस अभिमान वाटला होता. जानेवारी २०२२ मध्ये तिसरी लाट आली. आमच्या मातोश्री तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या, गावी धाकट्या भावाकडे होत्या. त्यांची स्मृती उतरणीस लागली होती आणि त्या वारंवार आमचे नाव घेतात असा भावाचा निरोप आला होता. तिकिटे काढली. निघण्याच्या आदल्या सकाळी, खबरदारी म्हणून, आम्ही उभयतांनी पट्टीवर थेंब टाकले. तेवढ्यात कार्यालयातून दूरध्वनी आला आणि आम्ही तिकडे गुंतलो. सौभाग्यवतींनीही स्वयंपाकघरात लक्ष घातले. पट्ट्या पाहिल्या त्या दीड तासाने. आमच्या पट्टीवर पहिल्या जागी एक पुसट रेघ होती. असून नसल्यासारखी, पण होती.

पंधरा मिनिटांनी वाचावे, वीस मिनिटांनंतर दिसेल ते धरू नये, असे सोबतच्या कागदावर स्पष्ट छापलेले होते. आयुष्यभर नियमावलीतील परिशिष्टे वाचण्यात घालवलेल्या माणसाने तो कागद वाचला नव्हता. आम्ही तिकिटे रद्द केली आणि मागच्या खोलीत जाऊन बसलो. दोन दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात रोग नव्हता. तोवर नवी तिकिटे मिळेनात, मग रजा मिळेना. गावी पोचलो ते मार्चच्या अखेरीस. आईने आमच्याकडे पाहून हसून धाकट्याचे नाव घेतले. पुढे ती होती तोवर आम्ही तिच्यासाठी धाकटेच राहिलो.

झाले होते ते असे. शेवटच्या गादीने पाणी ओढून घेतल्यावर पट्टी वाळू लागते. वाळताना गादीतले पाणी उलट्या दिशेने पांढऱ्या पट्टीवर परत येऊ शकते, आणि येताना मागे राहिलेले सोन्याचे कण सोबत आणते. ते रेघेपाशी थोडेफार साचतात. पाणी आटतानाही तेथे छटा उमटते. म्हणजे पंधरा मिनिटांनी जो पाट एका दिशेने वाहत होता, तो दीड तासाने उलटा वाहिला होता, आणि आम्ही त्या उलट्या पाण्याचा शब्द खरा मानला. काकांना डुलकी लागली की पाणी भलत्या वाफ्यात जाई, असे मघाशी आपण ऐकलेतच.

आपणांपैकी बऱ्याच घरांत रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र आहे, म्हणून एक कामाची गोष्ट येथेच सांगून टाकतो. त्या पट्टीच्या टोकाशी हाच केसाएवढा पाट असतो. रक्ताचा थेंब वरून लावायचा नसतो, टोकाला नुसता टेकवायचा, ती आपणच ओढून घेते. मिलिलिटरचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी रक्त तिला पुरते. पण पाट पूर्ण भरला पाहिजे. थेंब अपुरा पडला तर बोट जोराने पिळू नये, कारण रक्ताबरोबर पेशींभोवतीचे पाणी येते आणि आकडा फसवा होतो. हात कोरडे आणि धुतलेले असावेत, पट्ट्यांच्या डबीचे झाकण घट्ट असावे. दमट हवेत पट्टी आधीच ओल धरते. डॉक्टरमंडळी हसत आहेत, पण हे त्यांनी आपणांस सांगितलेले आहे आणि आपण ते ऐकलेले नाही, हेही त्यांना ठाऊक आहे.

दुर्गम भागातील आशा कार्यकर्ती हिवतापाची अशीच पट्टी पिशवीतून नेते. जेथे सूक्ष्मदर्शक नाही आणि तो पाहणाराही नाही, तेथे तापाने फणफणलेल्या मुलाच्या बोटाचा एक थेंब, वर द्रावणाचे काही थेंब, आणि मग थांबणे. तिच्यापाशी प्रयोगशाळा नाही, परंतु पाटाचा क्रम कोणीतरी कारखान्यात आधीच कोरून दिलेला आहे. तिने करावयाचे ते दोनच: थेंब मोजून टाकणे आणि घड्याळ पाहणे. म्हणजे सारी दारे शास्त्राने धरली, तरी शेवटचे एक दार तिच्या हाती आहे.

बोलणे पुरे झाले. त्या टेबलावर टीपकागदाच्या वीतभर पट्ट्या आणि बशीत निळी शाई घातलेले पाणी ठेवले आहे. पट्ट्यांवर एक, दोन आणि चार सेंटिमीटरवर पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. बालमित्रांनी एकेकाने पुढे यावे, पट्टीचे टोक पाण्यात टेकवावे, आणि ज्याच्या मनगटावर घड्याळ असेल त्याने प्रत्येक खुणेपाशी पाणी केव्हा पोचते ते मोठ्याने सांगावे. एकावरून दोनवर जाण्यास किती वेळ लागतो आणि दोनावरून चारवर किती, ते कागदावर लिहून आमच्याकडे द्यावे. चहा आणि बटाटेवडे तयार होण्यास अजून वीस मिनिटे आहेत, असे स्वयंपाकघरातून कळले आहे.